जुन्या लेथला नवा चक: बिडाच्या कच्च्या बॅकप्लेटचे परीक्षण

बटाला, लुधियाना किंवा राजकोटचा बरीच वर्षे चाललेला लेथ घेताना बेड आणि हेडस्टॉक चांगले सापडू शकतात, पण चक, म्हणजे वळायचा तुकडा धरणारी पकड, बहुतेक वेळा संपलेलाच असतो. जॉ (पकडीचे दात) तोंडाशी फाकलेले असतात, त्यांना सरकवणारा स्क्रोल झिजलेला असतो, मागच्या प्लेटचे आटे ढिले झालेले असतात. नवा चक कुठल्याही टूल्सच्या दुकानात मिळतो. अडते ते त्या चकला जुन्या स्पिंडलवर (हेडस्टॉकमधल्या फिरत्या दांड्यावर) बसवणाऱ्या बॅकप्लेटपाशी, कारण आट्यांच्या नोजचे, म्हणजे स्पिंडलच्या आटे पाडलेल्या टोकाचे, माप प्रत्येक मेकचे वेगळे, आणि कधी कधी एकाच मेकच्या दोन मशीनचेही जुळत नाही.

इथे परीक्षण आहे ते बिडाच्या कच्च्या ओतीव बॅकप्लेटचे. तिच्यावर बसवायचा आहे तो के-11 नमुन्याचा 200 मिमीचा तीन जॉचा चिनी चक, जो आपल्याकडे सहज मिळतो. निकाल आधीच सांगतो: आट्यांच्या नोजचा लेथ असेल, तर तयार प्लेटपेक्षा कच्ची प्लेट घ्यावी आणि तिची शेवटची फेसिंग (समोरची बाजू सपाट वळणे) आपल्याच स्पिंडलवर करावी. वेळ जातो, पण चक नीट चालण्याची खात्री याच मार्गाने मिळते.

बाजारात प्लेट तीन रूपांत येते. पहिली पूर्ण तयार, म्हणजे आटे पाडलेली, पुढचा स्पिगॉट, म्हणजे चकच्या खाचेत शिरणारा गोल उंचवटा, मापात उतरवलेला, भोकेसुद्धा पाडलेली. दिसायला हीच सर्वांत सोयीची आणि आमच्या मते हीच टाळावी. ती दुसऱ्या कुठल्या तरी मशीनवर तयार झालेली असते. तुमच्या स्पिंडलवर चढवल्यावर फेस 0.08 मिमी फिरली, तर दुरुस्त करायला अंगावर मालच शिल्लक नसतो. स्पिगॉटवरून 0.08 काढायला जावे, तर तो चकच्या खाचेत ढिला होतो. दुसरे रूप अर्धतयार: मागचे आटे झालेले, पुढची बाजू 3-4 मिमी जाड ठेवलेली. आटे तुमच्या नोजवर खरोखर नीट बसत असतील, तर ही उत्तम खरेदी आहे. तिसरे रूप म्हणजे निव्वळ ओतीव तुकडा, मधोमध ओततानाच सोडलेले कोअरचे भोक आणि मागे बॉस, म्हणजे जाड गोल उंचवटा.

कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली या भागांत फाउंड्री भरपूर आहेत आणि तिथे असा तुकडा किलोच्या दराने ओतून मिळतो. पॅटर्न (साचा करण्यासाठीचा नमुना) तयार नसेल तर त्याचा खर्च वेगळा, म्हणून आधी कुणाकडे जवळच्या मापाचा पॅटर्न पडून आहे का ते विचारावे. 200 च्या चकसाठी कच्ची मापे अशी सांगावीत: तबकडी 215 मिमी व्यास, 32 मिमी जाड, बॉस 95 मिमी व्यास, 45 मिमी लांब, कोअर 40 मिमी. एवढा तुकडा साधारण 10 किलो भरतो. वजन बरेच कमी आले, तर माप कमी आहे किंवा आत पोकळी आहे असे समजावे. बिडाची ग्रेड आयएस 210 या भारतीय मानकातली एफजी 200 चालते, एफजी 260 मिळाली तर अधिक चांगली.

तुकडा ताब्यात घेण्याआधी दोरीवर लटकवून हातोडीने हलके वाजवावा. चांगले बीड स्वच्छ वाजते, चीर गेलेले बद्द आवाज करते. बॉस आणि तबकडी जिथे जुळतात त्या कोपऱ्याकडे विशेष पाहावे. तिथे धातू जाड असल्याने सर्वांत शेवटी थंड होतो आणि आकसण्याच्या पोकळ्या नेमक्या तिथेच राहतात. दुसरा दोष म्हणजे कडक डाग. पातळ कडा साच्यात पटकन थंड झाल्या की बीड तिथे पांढरे आणि काचेसारखे कडक होते, आणि टूल त्यावरून नुसते घासत जाते. कडेच्या एका कोपऱ्यावर कानस मारून पाहावी. कानस घसरली तर तुकडा परत द्यावा.

बिडाऐवजी गॅसने कापलेली माइल्ड स्टीलची प्लेट वापरावी का, हा प्रश्न नेहमी येतो. ती स्वस्त पडते आणि लगेच मिळते. पण कापलेली कडा कडक होते, वरचा थर काढला की प्लेट वाकते, आणि स्टीलच्या स्पिंडलवर स्टीलचे आटे कोरडे बसले तर कधी तरी एकमेकांना धरून बसतात. बिडाचे आटे सहसा तसे धरत नाहीत, आणि बीड कंपही जिरवते. फाउंड्री हाताशी नसेल तर ईएन-8 स्टीलचा गोल तुकडा चालेल. मधे बॉस वेल्ड केलेली प्लेट नको.

आता मापे. आट्यांच्या नोजवर प्लेट मध्यात आणण्याचे काम आटे करत नाहीत. आटे फक्त ओढून धरतात. मध्य ठरवतो तो आट्यांच्या मागचा साधा गोल भाग, म्हणजे रजिस्टर, आणि फेस सरळ ठेवतो तो त्याच्या मागचा खांदा. त्यामुळे लेव्हर डायल (फिरताना होणारी हालचाल मोजणारे गेज) आधी याच दोन जागी लावावा. रजिस्टर 0.01 च्या आत फिरत असेल तर पुढे जावे. 0.03-0.04 दिसत असेल तर बेअरिंगचे काम आधी करावे, कारण तो दोष कुठलीही प्लेट झाकणार नाही. खांद्यावर जुन्या आपटण्याच्या खुणा असतात. वर आलेला धातू बारीक ऑइलस्टोनने उतरवावा, कानस लावू नये.

उदाहरणासाठी नोज सव्वादोन इंची, म्हणजे 57.15 मिमी, आणि 6 टीपीआय (इंचाला 6 आटे) धरू. रजिस्टर 60 मिमी व्यासाचे, 12 मिमी लांब. आट्यांचा कोन पिच गेजने नक्की पाहावा. जुन्या इंची मशीनवर बहुधा 55 अंशांचा व्हिटवर्थ असतो, पण 60 अंशही सापडतो, आणि चुकीच्या कोनाचे आटे कडेवर टेकून बसतात व लवकर झिजतात. व्हिटवर्थची खोली पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) 0.64 पट. 6 टीपीआयचा पिच 4.233 मिमी, म्हणजे खोली 2.71 मिमी, आणि आतला व्यास 51.73 मिमी. प्लेटचा बोअर 52 मिमी ठेवावा.

प्लेटला हात लावण्याआधी एक काम करावे, जे घाईत नेहमी गाळले जाते: स्पिंडलच्या नोजची हुबेहूब नक्कल माइल्ड स्टीलमध्ये वळून ठेवावी. कारण साधे आहे. आटे पाडताना प्लेट त्याच लेथच्या जुन्या चकमध्ये धरलेली असते आणि खरे नोज त्या चकमागे अडकलेले असते, मग आटे तपासणार कशावर? या नकलेवर जुनी बॅकप्लेट चढवून पाहावी. खऱ्या नोजवर जितकी सैल-घट्ट बसते तितकीच इथे बसली, म्हणजे नक्कल बरोबर. रजिस्टरचा व्यास मायक्रोमीटरने जुळवावा, तिथे अंदाज नको. हा प्लग पुढे प्रत्येक नव्या चक, फेसप्लेट, कॉलेट अडॉप्टरसाठी उपयोगी पडतो, म्हणून तेल लावून जपून ठेवावा.

पहिली बांधणी: चार जॉच्या चकमध्ये तबकडीची कड उलट्या जॉनी धरायची, बॉस टेलस्टॉककडे. बॉसच्या बाहेरच्या अंगावरून अर्ध्या मिमीपर्यंत मध्य आणला तरी पुरे, कारण इथून पुढे सगळे एकाच बांधणीत व्हायचे आहे. पहिला कट भीतभीत घेऊ नये. ओतीव तुकड्याच्या सालीत रेती आणि कडक थर असतो. टूलचे टोक त्या थरातून चालले की काही फेऱ्यांत बोथट होते. 2.5-3 मिमीचा कट घेऊन टोक सालीच्या खाली उतरवावे. हायस्पीड टूलने बिडाला मिनिटाला 20 मीटर वेग धरला, तर 215 व्यासावर स्पिंडल 30 आरपीएमच्या आसपास फिरायला हवा, म्हणजे बॅक गिअर (वेग बराच कमी करणारी गिअरजोडी) लावूनच. कार्बाइड असेल तर 70 मीटर धरून 100-105 आरपीएम.

बीड कोरडेच कापायचे. त्याचा काळा चुरा तेलात मिसळला की घासणीची पेस्ट तयार होते आणि बेड, लीडस्क्रू, क्रॉस स्लाइड सगळ्यांना खाते. बेडवर पुठ्ठा किंवा पत्रा पसरावा, फडके कधीही नाही, कारण फिरता चक ते ओढून घेतो. काम संपल्यावर चुरा व्हॅक्यूमने ओढावा आणि मगच तेल द्यावे. हवेच्या पाइपने उडवला तर तो सॅडलच्या वायपरखाली जाऊन बसतो.

सगळीकडे 1 मिमी माल ठेवून रफिंग झाले की तुकडा काढून निदान एक रात्र तसाच ठेवावा. साल निघाल्यावर आतले ताण मोकळे होतात आणि तुकडा थोडा हलतो. फिनिशिंगनंतर हलण्यापेक्षा आधी हललेला बरा.

पुन्हा बांधून बॉसची फेस, बोअर, रजिस्टरचा काउंटरबोअर (भोकाच्या तोंडाचा मोठ्या व्यासाचा भाग) आणि आटे, हे चारही एका दमात, जॉब न सोडता करावेत. रजिस्टरचा काउंटरबोअर 60.01 ते 60.02 मिमी. त्याची खोली 13 मिमी, म्हणजे रजिस्टरपेक्षा 1 मिमी जास्त, नाहीतर रजिस्टर आत टेकते आणि बॉसची फेस खांद्यापर्यंत पोहोचतच नाही. हा दोष बाहेरून दिसत नाही. प्लेट घट्ट बसल्यासारखी वाटते आणि कट घेताना मात्र थरथरते.

आट्यांसाठी लीडस्क्रू (टूल पुढे नेणारा लांब स्क्रू) 4 टीपीआयचा असेल तर 6 टीपीआयला 40 चा ड्रायव्हर आणि 60 चा ड्रिव्हन गिअर लावावा. लीडस्क्रू 6 मिमी पिचचा असेल तर 127 दातांचा गिअर हवाच. एक धोका इथे लक्षात ठेवावा. हाफ नट (टूलला लीडस्क्रूशी जोडणारे नट) न सोडता मोटर उलटी फिरवून टूल मागे आणायची सवय अनेक टर्नरना असते. जुना चक आट्यांवर बसलेला असताना झटक्याने उलटे फिरवले, तर 10 किलोचा जॉब घेऊन चकच सुटू शकतो. चेजिंग डायल (हाफ नट कधी टाकायचा ते दाखवणारी चकती) असेल तर तो वापरावा. 4 टीपीआयच्या लीडस्क्रूवर 16 दातांचा डायल असेल तर 6 टीपीआय आट्यांना त्याच्या आठपैकी कुठल्याही रेघेवर हाफ नट टाकता येतो. डायल नसेल तर बॅक गिअरमध्ये, अगदी सावकाश उलटे फिरवावे.

टूल प्रत्येक बाजूला सुमारे 2.7 मिमी आत जायचे असते. शेवटचे 0.2 मिमी 0.03-0.03 च्या कटांनी घ्यावे आणि एक कट पुढे न सरकवता तसाच फिरवावा, कारण लांब बोअरिंग बार दबून मागे राहतो. प्लग हाताने, जोर न लावता, शेवटपर्यंत गेला पाहिजे. शेवटी रजिस्टर आत शिरताना किंचित अडल्यासारखे वाटून मग सरकले, तर फिट योग्य. आटे मात्र थोडे सैलच हवेत. आटे घट्ट आणि रजिस्टर सैल झाले, तर प्लेट आटे नेतील तिथे बसते, आणि दर वेळी वेगळी बसते.

आता जुना चक उतरवून प्लेट खऱ्या नोजवर चढवायची. खांद्याला प्रशियन ब्लूचा पातळ थर लावून प्लेट हाताने घट्ट करून काढावी. निळी खूण पूर्ण वर्तुळात आली पाहिजे. एकाच बाजूला आली, तर खांद्यावर अजून ठोक शिल्लक आहे किंवा बॉसच्या तोंडाशी बर (धातूची वर आलेली बारीक कड) राहिली आहे.

दुसऱ्या बांधणीत कड 200 मिमी, तबकडी 24 मिमी आणि त्यापुढे स्पिगॉट. के-11 च्या 200 मिमी चकची मागची खाच 165 मिमी व्यासाची आणि 5 मिमी खोल, बोल्टची भोके 180 मिमी पीसीडीवर (भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासावर) तीन, एम10. हे झाले कॅटलॉगचे माप. हातातल्या चकची खाच इनसाइड मायक्रोमीटरने मोजूनच पुढे जावे. स्पिगॉटची उंची 4 मिमी ठेवावी म्हणजे चक कडेच्या पट्ट्यावर टेकतो, स्पिगॉटच्या माथ्यावर नाही. स्पिगॉटच्या मुळाशी 1 मिमीची बारीक खाच काढावी, नाहीतर कोपऱ्यातली टूलची गोलाई चकच्या कडेला अडवते.

स्पिगॉट आधी पूर्ण उंचीभर मापात आणू नये. फक्त टोकाचा 1 मिमी भाग अंतिम मापात उतरवावा आणि चक लावून पाहावा. जास्त उतरले तरी 3 मिमी भाग वाचतो. 150 ते 175 चा मायक्रोमीटर छोट्या वर्कशॉपमध्ये क्वचितच असतो, म्हणून ही पद्धत अधिकच उपयोगी. फिट 0.01 ते 0.03 मिमी. काहीजण मुद्दाम 0.2 मिमी सैल ठेवून चक ठोकून मध्यात आणतात. त्याने एखाद्या व्यासावर डायल शून्य दिसतो खरा, पण तीन जॉच्या स्क्रोलची चूक प्रत्येक व्यासाला वेगळी असते. 25 च्या पिनवर शून्य केलेला चक 60 वर पुन्हा फिरतो. शिवाय जड कटात सगळा भार बोल्टच्या घर्षणावर जातो. साध्या चकसाठी आम्ही घट्ट स्पिगॉटच सुचवू. अगदी अचूक मध्य हवा असेल तिथे चार जॉचा चक वापरावा.

भोकांची जागा मोजून काढता येते. 180 पीसीडीवर तीन भोकांमधले सरळ अंतर 155.88 मिमी येते. पण त्याहून खात्रीचा मार्ग असा: एम10 च्या तीन ग्रब स्क्रूंना टोकदार नाक करून ते चकच्या भोकांत उलटे बसवावेत, टोके 1 मिमी बाहेर ठेवावीत, स्पिगॉट खाचेत घालून लाकडी हातोडीने एक ठोका द्यावा. तीनही खुणा प्लेटवर उमटतात. 5 मिमीचे पायलट, मग 11 मिमीचे आरपार भोक.

इथे एक चूक सर्रास होते. ॲलन बोल्टचे डोके लपवायला मागून 18 मिमीचा काउंटरबोअर केला जातो. 180 पीसीडी म्हणजे भोकाचा मध्य 200 मिमीच्या कडेपासून फक्त 10 मिमीवर. 18 चा काउंटरबोअर केला की कडेला 1 मिमीची भिंत उरते आणि बीड तिथे तुटते. मागची बाजू नुसती सपाट करून एम10 × 40 चे बोल्ट लावावेत. 24 मिमी प्लेटमध्ये आणि 16 मिमी चकमध्ये, एवढी पकड पुरते. चकच्या भोकाची खोली आधी काडी घालून पाहावी. बोल्ट तळाला टेकला तर घट्ट झाल्यासारखा भासतो, पण चक धरत नाही. बोल्टची डोकी हेडस्टॉकच्या कव्हरला घासत नाहीत ना, हे स्पिंडल हाताने फिरवून पाहावे.

प्लेटची खरी कसोटी पहिल्या डायलच्या वाचनात नाही. आपल्याच स्पिंडलवर वळलेली प्लेट त्या क्षणी शून्यच दाखवणार. ती काढून, पुसून, पुन्हा चढवून वाचन घ्यावे, आणि असे चार-पाच वेळा करावे. दर वेळी 0.01 च्या आत परत आली, तर काम पक्के. वाचन बदलत राहिले, तर आट्यांत चुरा आहे किंवा रजिस्टर सैल आहे. त्यानंतरच चक बसवून ग्राइंड केलेल्या पिनांवर तपासावे, निदान दोन-तीन वेगळ्या व्यासांवर. चकला किल्लीची तीन तोंडे असतात. प्रत्येकाने आवळून वाचन घ्यावे, सर्वांत कमी येईल तिथे खूण करावी आणि शेवटचा आवळ नेहमी तिथूनच द्यावा.

चालवताना दोन पथ्ये. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवलेला असेल तर थांबण्याचा वेळ 6 ते 8 सेकंद ठेवावा. ब्रेक लागून स्पिंडल झटक्यात थांबला की जड चक आपल्या वेगाने पुढे फिरत राहतो आणि आट्यांवरून सैल होतो. आणि चक उतरवताना बॅक गिअर दुहेरी अडकवून हातोडी मारू नये. दात तुटले तर जुन्या मशीनचा गिअर मिळायला प्लेटपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. जॉमध्ये जाड षटकोनी सळई धरावी, बेडवर लाकडी ठोकळे ठेवावेत आणि सळईला लांब पाना लावून संथ जोराने ओढावे.

हे सगळे आट्यांच्या नोजसाठी आहे. स्पिंडल डी1-4 किंवा डी1-6 कॅमलॉकचा (आट्यांऐवजी पिना आणि कॅमने चक धरणारा) असेल तर कच्च्या तुकड्याच्या वाटेला जाऊ नये. 7 अंश 7 मिनिटे 30 सेकंदांचा छोटा टेपर आणि फेस दोन्ही एकाच वेळी टेकायला हवेत, आणि डी1-4 च्या तीन किंवा डी1-6 च्या सहा पिनांची भोके अचूक पाडायला जिग बोअर किंवा चांगले व्हीएमसी (संगणकाने चालणारे उभे मशीन) लागते. तिथे मागून टेपर-पिन तयार आणि पुढून माल ठेवलेली अर्धतयार प्लेट घ्यावी, आणि वरची दुसरी बांधणी तेवढी आपल्या लेथवर करावी.